महालक्ष्म्यांसाठी आजीचे चांदीचे रुपये घासले, आता व्यापारी म्हणतो हे "क्लीन्ड" आहेत. काही करता येईल का?

मांजराकाठ

राम राम मंडळी. मी बीड जिल्ह्यातला. नाण्यांतलं मला काही कळत नाही, पण हातून एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून चैन पडंना म्हणून विचारायलोय.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. तिची पत्र्याची ट्रंक औंदा पहिल्यांदा उघडली तर तळाला लुगड्याच्या घडीत एक कापडी बटवा निघाला आणि त्यात चांदीचे २३ रुपये. तेरा निजामाचे चारमिनारवाले, ज्यांना आमच्याकडं हाली म्हणतात, चार राणीछाप १८६२ चे, पाच राजाछाप, त्यात एक १९११ चा, आणि एक वेगळंच नाणं, जाडजूड, गोल पण वेडंवाकडं, दोन्हीकडून नुसती फारसी अक्षरं. सगळे काळे पडलेले. काही अगदी तव्यासारखे, काहींच्या कडेला निळी-जांभळी झाक.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. आई म्हणाली लक्ष्मीपुढं असं काळं नाणं ठेवत नसतात. मग आम्ही दोघांनी ओट्याजवळ बसून त्यातले नऊ घासले, दोन हाली, दोन राणीछाप आणि पाचही राजाछाप. आधी चिंचेच्या कोळात भिजवले, मग टूथपेस्ट आणि जुना ब्रश, आणि जिथलं निघंना तिथं रांगोळी. लख्ख झाले. आईला समाधान वाटलं आणि खरं सांगतो मलाही त्या दिवशी लई बरं वाटलं, आजीचं काहीतरी उजेडात आणलं असं.

गेल्या महिन्यात संभाजीनगरला नाण्यांचं प्रदर्शन होतं तिथं सगळे घेऊन गेलो. विकायचे नव्हते, फक्त माहिती पाहिजे होती. एका व्यापाऱ्यानं १९११ चा रुपया दिव्याखाली धरला, दोनदा तिरपा केला आणि दहा सेकंदात परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "घासलाय. ग्रेडिंगला गेला तर डिटेल्स येईल. द्यायचा असला तर चांदीच्या भावात घेतो." आणि त्याच पिशवीतला एक न घासलेला काळाकुट्ट हाली मात्र तो भिंगातून पाच मिनिटं बघत बसला.

मला दोन-तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. एवढ्या झटपट त्याला कळलं कसं? चांदी तर तीच आहे, वजन तेच आहे, मग घासल्यानं कमी काय झालं? घासलेले परत पहिल्यासारखे करता येतात का? आणि उरलेल्या चौदांचं काय करू? आई म्हणते दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तेही उजळून घेऊ.

चारमिनारछाप

दादा, आधी एक काम करा, उरलेल्या चौदांना कुणी हात लावणार नाही एवढं आजच आईंना समजावून सांगा. बाकीचं निवांत बोलू.

आता कळलं कसं ते. टाकसाळीत दोन ठशांच्या मधे चांदीची चकती दाबली जाते तेव्हा त्या दाबानं धातू मधून कडेकडे सरकतो आणि नाण्याच्या अंगावर अतिशय बारीक रेषा उमटतात, मधून बाहेर जाणाऱ्या, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. नुसत्या डोळ्याला त्या दिसत नाहीत, पण एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकासारखा गरगर फिरतो. त्याला लस्टर म्हणतात. तो चकचकाट वेगळा आणि घासल्याचा चकचकाट वेगळा. घासलेलं नाणं फिरवलं तर पट्टा फिरत नाही, सगळीकडून एकसारखं पांढरं दिसतं, आणि एका ठराविक कोनात ब्रशचे ओरखडे झपकन दिसून गायब होतात. त्यांना हेअरलाईन म्हणतात. तुम्ही आत्ता करून बघा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एक साधा पिवळा बल्ब लावा, १९११ चा रुपया कडेनं धरा आणि राजाच्या नाकापुढची मोकळी जागा बघा. तिथं सगळ्या रेषा एकाच दिशेनं गेलेल्या दिसतील, तुमचा हात जसा फिरला तशा. दुसरी खूण म्हणजे अक्षरांच्या बुडाशी अजून काळं राहिलेलं असतं, ब्रश तिथं पोचत नाही, आणि गालावर, कानावर, मुकुटावर मात्र पांढराफटक. वापरून झिजलेलं नाणं याच्या उलट दिसतं, उंच जागा करड्या आणि मऊ दिसतात. व्यापारी रोज शेकडो नाणी बघतो, त्याला दहा सेकंद म्हणजे खूप झाले.

वजन तेच आहे हे तुमचं बरोबर. पण ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणं, वजनाचं नसतंच, वरच्या पातळ कातडीचं असतं. १ ते ७० चा एक स्केल आहे, शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ ला तिकडच्या तांब्याच्या सेंटसाठी काढलेला, तोच आता जगभर चालतो. ६० आणि त्याच्या पुढं म्हणजे न वापरलेलं, ५० ते ५८ किंचित वापरलेलं, ४०-४५ एक्सएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाईन, २० ते ३५ व्हीएफ म्हणजे व्हेरी फाईन, असं खाली खाली. ग्रेडिंग करणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या आहेत, पीसीजीएस १९८६ ला सुरू झाली, एनजीसी १९८७ ला, दोघांच्या प्लास्टिकच्या डबीवर हा आकडा असतो. नाणं वाईट घासलेलं निघालं तर आकडाच मिळत नाही. नुसतं "एक्सएफ डिटेल्स" आणि खाली कारण, "क्लीन्ड". पीसीजीएसच्या कारणांच्या यादीत क्लीन्डचा नंबर ९२ आहे. याचा अर्थ नाणं खरं आहे, नक्षी एवढी एवढी शिल्लक आहे, पण अंग मूळचं नाही. घेणारा तिथंच मागं सरकतो.

तुमच्या १९११ चं मला खरंच वाईट वाटलं. त्या वर्षीच्या रुपयात पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर जो हत्ती कोरला होता त्याची सोंड आखूड दिसायची, लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमानांनाही नको आणि बऱ्याच हिंदूंनाही नको. नाणी मागं घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून १९११ चा कमी मिळतो आणि म्हणूनच त्याच्या अंगाला एवढी किंमत आहे. घासलेला असला तरी तो १९११ चाच आहे, शोधणारे आहेत, त्यामुळं त्या व्यापाऱ्याच्या म्हणण्यावर चांदीच्या भावात अजिबात देऊ नका.

परत पहिल्यासारखं होतं का, तर नाही. त्या रेषा टाकसाळीतच एकदा उमटतात.

वजनकाटा

भाऊ मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. चारमिनारवाला हाली रुपया काही दुर्मिळ नाही, मराठवाड्यात दर चौथ्या घरात आजीच्या ट्रंकेत निघतो, आणि राणीछाप १८६२ तर प्रत्येक जुन्या बाजारात मिळतो कारण ते साल वर्षानुवर्षं तसंच ठेवून ठोकत राहिले. असल्या नाण्यांना ग्रेडिंगला पाठवायचा खर्च बहुतेक परवडत नाही. चांदीचा भाव चढाय लागल्यापासून कितीतरी लोकांनी हे वितळवून टाकले. म्हणून घासलेल्या दोन हालींचं आणि दोन राणीछापांचं दुःख करू नका, ते लक्ष्मीपुढं खुशाल ठेवा. दुःख करायचंच तर फक्त १९११ चं, आणि काळजी करायची तर त्या फारसीवाल्याची.

आणखी एक, कुणी म्हणलं की अमेरिकेला कुरिअर करा तिकडं ग्रेड करून देतात, तर करू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

चारमिनारछाप

@वजनकाटा साधा हाली दुर्मिळ नाही हे मान्य. पण सगळे साधे नसतात. शेवटचे निजाम उस्मान अली, त्यांच्या रुपयावर चारमिनारच्या मधल्या कमानीत ऐन अक्षर असतं, उस्मानचं पहिलं अक्षर. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर ते ऐन अर्धंच कोरलंय, नंतर पूर्ण झालं. आणि कमानीत मीम असला तर तो त्यांच्या वडिलांचा, मीर महबूब अलींचा. आता हा फरक बघायचा कुठं, तर कमानीच्या आत, दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत. बरोबर तिथंच रांगोळी जाऊन बसते आणि तिथंच ब्रश जास्त घासला जातो. भिंगवाला माणूस काळा हाली पाच मिनिटं का बघत होता, माझ्या मते तो कमान बघत होता. दादा, अकराच्या अकरा हालींच्या कमानीचे फोटो टाका. पुसू नका, तसेच टाका.

जालन्याचा सराफ

आमच्या घरी तीन पिढ्यांचं सराफीचं काम आहे म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. दिवाळीआधी पंधरा दिवस दुकानात रांग असते, लोक देवाची भांडी आणतात आणि त्यातच ताम्हनात चार जुने रुपये टाकून देतात, "हे पण उजळून द्या". आणि आम्ही उजळून द्यायचो. उजळायचं म्हणजे काय करतात ते ऐका. चांदी भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायची, पातळ केलेल्या तेजाबात सोडायची, काढली की दुधासारखी पांढरी होऊन येते, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी तारेच्या ब्रशनं घासायची, आणि गिऱ्हाइकाला आरसा पाहिजे असला तर वर बफ मारायचा, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणायची. पैंजणाला, निरांजनाला, अत्तरदाणीला हे बरोबरच आहे, ती वस्तू त्यासाठीच असते. पण नाण्याचं यात काय होतं बघा. तापवलं की वरचं तांबं जळून तेजाबात निघून जातं आणि वर नुसत्या शुद्ध चांदीचा पांढरा पापुद्रा राहतो, जो टाकसाळीत कधी नव्हताच. तारेच्या ब्रशनं अंगभर बारीक ओरखडे. आणि बफनं तर अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल होतात, मोकळी जागा लहरी लहरी दिसाय लागते. बोट फिरवलं तरी कळतं, मूळ नाण्याचं अक्षर बोटाला टोचतं, बफ मारलेल्याचं घसरतं.

एक प्रसंग सांगतो. तांड्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई गळ्यातला रुपयांचा हार घेऊन आल्या होत्या, अकरा रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळून बसवलेली. चाळीस-पन्नास वर्षं गळ्यात घातलेला, घामानं आणि कापडानं झिजून सगळे गुळगुळीत, पण काय सुंदर रंग चढला होता त्यांना, पिकल्या आवळ्यासारखा. त्यांच्या मुलाला कड्या काढून रुपये मोकळे करून पाहिजे होते, विकायला. मी तेव्हा नवीन होतो, कड्या काढल्या, डाग राहिले म्हणून घासले, घासल्याचे पट्टे दिसाय लागले म्हणून बफ मारला. शेवटी अकरा पांढऱ्या चकत्या राहिल्या. हार म्हणून ठेवले असते तर ती एक वस्तू होती, नाणी म्हणून ती काहीच राहिली नाहीत. बाईंनी हातात घेऊन एकेक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्ये माझेच का?" त्या दिवसापासून दुकानात जुना रुपया उजळायला आला तर मी आधी विचारतो, पूजेचा आहे का ठेवणीतला. ठेवणीतला असला तर हात लावत नाही.

त्यामुळं मांजराकाठ दादा, दिवाळीत कुणा सराफाकडंही देऊ नका. घरच्या टूथपेस्टपेक्षा दुकानातलं उजळणं दहापट वाईट.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बल्बखाली बघितलं. नाकापुढं खरंच रेषा दिसल्या, सगळ्या एका अंगाला झुकलेल्या, आणि मी डावखुरा आहे, त्या रेषा पण तशाच तिरप्या आहेत. बघून पोटात कालवलं.

आता पुढचं. भाच्यानं एक व्हिडिओ दाखवला, त्यात भांड्यात ॲल्युमिनियमची फॉईल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी टाकून नाणं ठेवतात, न घासता काळं निघून जातं. तो म्हणतो मामा यात ब्रशच नाही म्हणजे रेषा पडायचा प्रश्नच नाही. बाजारात एक डिप पण मिळतं म्हणे, दोन सेकंद बुडवायचं फक्त. हे चालतं का? आईचं समाधानही करायचंय मला, ती काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. तिच्या दृष्टीनं काळं म्हणजे अशुभ.

गोदाकाठची

दादा मी नांदेडला केमिस्ट्री शिकवते आणि नाणी पण जमवते, त्यामुळं यावर मला बोलायलाच पाहिजे.

आधी आईंचा मुद्दा, तोच खरा आहे सगळ्याच्या मुळाशी. काळं म्हणजे घाण असं आपल्याला लहानपणापासून वाटतं कारण तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचं काळं-हिरवं आपण चिंचेनं काढत आलोय. चांदीवरचं काळं ही बाहेरून येऊन बसलेली घाण नसते. हवेत हायड्रोजन सल्फाईड अगदी थोडं असतं, त्यातलं गंधक चांदीशी जुळतं आणि सिल्व्हर सल्फाईडचा थर तयार होतो. म्हणजे त्या काळ्यात नाण्याचीच चांदी असते. थर अगदी पातळ असताना सोनेरी पिवळा दिसतो, वाढला की तांबूस जांभळा, मग निळा, आणि जाड झाला की काळा. पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो ना, तसंच हे, प्रकाशाचा खेळ. तुमच्या कडेला निळं-जांभळं आहे म्हणालात, ते कापडाच्या घडीत हळूहळू चढलेलं आहे, कडेकडून आत. असा रंग लवकर चढत नाही, त्याला वर्षं लागतात, आणि जाणकार लोक त्यासाठी जास्त पैसे देतात.

आता फॉईलचा प्रयोग. मी तो मुलांना वर्गात करून दाखवते, चमच्यावर. ॲल्युमिनियम चांदीकडून गंधक ओढून घेतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि सल्फाईडमधली चांदी परत चांदी होते. भाचा बरोबर बोलतोय की ओरखडे पडत नाहीत. पण ती परत आलेली चांदी कुठं बसते? मूळच्या रेषांमधे नाही बसत, भुसभुशीत होऊन वर साचते. म्हणून फॉईलमधून काढलेलं नाणं पांढरं होतं पण मेलेलं दिसतं, चुन्यासारखं. चारमिनारछाप दादांनी सांगितलेला फिरणारा पट्टा त्यात शोधून बघा, बहुतेक नाही सापडायचा. आणि ते परत काळं पडतं तेही लवकर, आणि डागाडागानं.

डिपमधे साधारणपणे थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते काळा थर विरघळवतं, पण थर म्हणजे चांदीच, मी वर म्हणलं तसं. जेवढं काळं जास्त तेवढी चांदी त्याच्यासोबत जाते आणि आऱ्यांच्या त्या बारीक रेषांची टोकं आधी जातात. जाणकार माणसानं अगदी हलका थर असलेलं, न वापरलेलं नाणं दोन-तीन सेकंद बुडवून नीट धुतलं तर लस्टर टिकतो, मोठ्या कंपन्यांच्या डब्यांतही अशी नाणी आहेत. पण तुमचे हाली वापरलेले आणि गडद आहेत. वापरलेल्या नाण्याचं काळं गेलं की खोलगट जागांतली सावली जाते आणि नक्षीच सपाट दिसाय लागते. त्यात तुमच्या हातात डिप पहिल्यांदाच, धुणं कमी-जास्त झालं की महिन्याभरात पिवळे-तपकिरी डाग. नका करू.

चिंचेचं पण सांगते. निजामाच्या रुपयात चांदी ८१.८ टक्के, बाकी जवळपास सगळं तांबं. कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात, ९१.७ टक्के. १९४० पासूनच्या राजाछाप रुपयात तर निम्मीच चांदी, ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. चिंच, लिंबू ही आम्लं आधी तांब्याला धरतात. म्हणून तुमच्या घासलेल्या हालींवर कुठं गुलाबट तर कुठं खडूसारखं पांढरं दिसत असेल. दिसतंय का? मीठ टाकलं असेल तर अजून वाईट. आणि रांगोळीत गारेचे कण असले तर चांदी त्यांच्यापुढं लोण्यासारखी आहे.

मग करायचं काय? खरं तर काहीच नाही. फक्त एखाद्यावर चिकट हिरवं काही असेल, तेलकट असेल, चिकटपट्टीचा गोंद असेल, तर शुद्ध ॲसिटोन. केमिकलच्या दुकानात मिळतं, नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेल-रंग घातलेले असतात. काचेची वाटी घ्यायची, प्लास्टिकची नाही. खिडकी उघडी, गॅस-दिवा-उदबत्ती बंद, ते भसकन पेटतं. नाणं पाच-दहा मिनिटं नुसतं पडू द्यायचं, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधे बुडवायचं, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून मऊ सुती कापडात ठेवून वरून दाबायचं. पुसायचं नाही, दाबायचं. ॲसिटोन त्या काळ्या थराला शिवत पण नाही, फक्त वरचं चिकट काढतं.

आणि रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड यांच्यात गुंडाळू नका, त्यांच्यातलं गंधक सुटत राहतं. मऊ पीव्हीसीचे अल्बम पण नकोत, त्यातूनच तो हिरवा चिकटा येतो. पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर मिळतात, मधे पारदर्शक मायलार असलेली, ती घ्या.

हाली कलदार

लेकरांनो, मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, परभणीकडचा. नाणी जमवणारा नाही पण हाली आणि कलदार हे दोन शब्द ऐकतच मोठा झालो. आमच्या घरात हिशोब दोन्हीत चालायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार असं वडील तोंडी सांगायचे. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं तरी हाली लगेच गेला नाही, दहा-अकरा वर्षं बाजारात चालत होता. रझाकाराच्या वर्षात लोकांनी रुपये गाडग्यात घालून चुलीखाली, गोठ्यात पुरले, काही परत काढले, काही तिथंच राहिले. मांजराकाठच्या आजीनं लुगड्यात ठेवले म्हणजे तिनं ते हाताशी पाहिजेत म्हणून ठेवले. तिनं स्वतः ते कधी घासले असते का विचारा आईला. आमच्या आईनं तर कधीच घासले नाहीत. ती पूजेला एकच रुपया वेगळा ठेवायची, तो दर वर्षी दुधानं, दह्यानं, लिंबानं धुवून धुवून त्याच्यावरचा चारमिनार पार गेला होता, बोटानं चाचपलं तरच लागायचा. तो रुपया लक्ष्मीचा. बाकीचे गाठोड्यात, ते घराचे. त्यांना ती हातच लावू द्यायची नाही.

सूनबाईला असं सांगून बघ, बाळा. काळं म्हणजे अशुभ नाही, तुझ्या सासूचा हात लागलेला आहे त्याला.

आणि एक, जमिनीत पुरलेलं कुणाला सापडलं तर त्याची गोष्ट वेगळी असते, १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तुमचं ट्रंकेतलं आहे, घरचं आहे, त्याला ते नाही.

मांजराकाठ

काका, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, खरं आहे, आत्याबाई देव्हाऱ्यात एकच रुपया ठेवायच्या, तो कुठं गेला कुणास ठाऊक. सकाळी उठून तिनं स्वतःच घासलेल्यातला एक हाली देव्हाऱ्यात ठेवला आणि उरलेले चौदा मायलारच्या होल्डरमधे मी घालत होतो तर जवळ बसून एकेक कडेनं धरून देत होती.

गोदाकाठच्या ताई, हालींवर गुलाबट पट्टे आहेत, तुम्ही म्हणालात तसेच. एका राणीछापावर हिरवं चिकट होतं, त्याला ॲसिटोनमधे ठेवलं, निघालं, खालचा करडा रंग जसाच्या तसा आहे. फॉईलचं भाच्याला समजावून सांगितलं, त्यानं त्याच्या चमच्यावर करून बघितलं.

कमानीचे अकरा फोटो टाकलेत. आणि फारसीवाल्याचे दोन्ही बाजूंचे. काळाच आहे तो, आम्ही त्याला चिंच लावली नाही हे नशीब. वजन सराफाकडं केलं, ११.४ ग्रॅम भरलं.

चारमिनारछाप

हालींचं आधी. दहा साधे, पूर्ण ऐनवाले. सातव्या फोटोत ऐन मला अर्धा वाटतोय, पण कमानीत सावली आहे. उद्या दिवसा खिडकीच्या उजेडात परत काढा, वरून नको, डाव्या बाजूनं तिरपा उजेड घ्या.

आता दुसरं. हे हातानं ठोकलेलं आहे, ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं कापली जातात, त्यानं घाबरू नका, ते तसंच असतं. एका बाजूला "शाह औरंगजेब आलमगीर" मधलं आलमगीर स्वच्छ वाचता येतंय, वर "बद्र मुनीर" चा तुकडा आहे. चांदीच्या नाण्यावर बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र लिहायचे, सोन्याच्या मोहरेवर मिहर म्हणजे सूर्य. दुसऱ्या बाजूला "जुलूस" आणि "मैमनत मानूस" हे राज्यवर्षासोबत लिहायचे नेहमीचे शब्द आहेत, आणि सगळ्यात खाली जिथं टाकसाळीचं नाव असतं तिथं पहिला शब्द मला "खुजिस्ता" दिसतोय. पुढं "बुनियाद" असणार, ते निम्मं चकतीच्या बाहेर गेलंय. खुजिस्ता बुनियाद म्हणजे औरंगाबाद. दादा, तुम्ही ज्या शहरात प्रदर्शनाला गेलात त्याच शहरातल्या टाकसाळीत हे ठोकलेलं आहे, तीनशे वर्षांपूर्वी.

असल्या हातठोक नाण्यांना ग्रेडिंगवाले थोडे सैल असतात, कारण जमिनीतून निघालेली बहुतेक कुणीतरी कधीतरी धुतलेलीच असतात. तुमच्यासारखं कातडं शाबूत असलेलं कमी येतं बघायला. त्या शेवटच्या शब्दाच्या बुडाशी जे काळं भरलंय ना, त्याच्यामुळंच ते अक्षर वाचता आलं मला. पांढऱ्यावर पांढरं असतं तर नसतं वाचता आलं.

पक्कं करायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. कधी त्र्यंबकला गेलात तर रस्त्यावरच आहे, होल्डरसकट घेऊन जा, दाखवून या.

मांजराकाठ

सातव्याचा फोटो सकाळी खिडकीत काढतो. आई विचारतेय, ते चंद्राचं अक्षर नेमकं कुठं आहे, फोटोवर गोल करून पाठवाल का?